शेट कानाने देखरेख करायचा

एका गावात तांब्याच्या हंड्यांचा एक कारखाना होता आणि त्याच्या अगदी समोर अहिल्याकाकी राहायच्या. एकदा पिठाच्या गिरणीत त्यांच्या कानावर पडलं, "दुपारी तिथले सगळे कारागीर झोपतात म्हणे, तरी ठोके पडतच राहतात, कारण..." तेवढ्यात बोलणारीचं दळण झालं आणि ती डबा उचलून चालती झाली.

कारण काय? काकींना चैन पडेना.

कारखान्याच्या शेटची एक खोड होती. तो माडीवर बसून नुसत्या कानाने देखरेख करायचा. हातोडे थांबले की खिडकीतून ओरडायचा, "काय रे, कोण मेलं?" बाकी माणूस काही कंजूष नव्हता. सणाला वैद्य आणायचा, रोज सगळ्यांना काढा पाजायचा. पण दिवसभर मान मोडून ठोकणाऱ्यांना घटकाभर पाठ टेकायची सोय नव्हती. काकींनी चारदा सांगून पाहिलं. दर वेळी एकच उत्तर, काढा देतो ना! काकींनी कपाळाला हात लावला.

शेवटी शेवग्याच्या शेंगा द्यायचं निमित्त करून त्या भर दुपारी आत शिरल्या. अकरा जण पोत्यांवर गाढ झोपले होते. बारावा, म्हातारा धोंडबा, दोन हातांत दोन हातोडे घेऊन एका फुटक्या हंड्यावर दणादण ठोकत होता. मनगट टम्म सुजलेलं.

"तूच का रे बाबा?"

"माझ्याच्यानं आता नवा हंडा होत नाही, काकी. शेटला कळलं तर काढून टाकील. म्हणून माझे हंडे पोरं करतात, आणि दुपारी मी ठोकतो तेवढा वेळ ती जरा पडतात."

काकींनी त्याच्या हातातले हातोडे काढून घेतले. आवाज थांबला तसा शेट ओरडत खाली आला आणि दारातच थबकला.

"याला आणखी किती काढा पाजणार, शेट?" काकींनी ते मनगट त्याच्यापुढे धरलं.

हे किती दिवस चाललंय, त्याने विचारलं. दोन महिने. पोरं दुपारची झोपायला लागल्यापासून, या दोन महिन्यांत, एकही हंडा पोचा पडून परत आला नव्हता, आणि त्याचं श्रेय शेट काढ्याला देत बसला होता. तो पोत्यावर टेकला.

दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर तासभर हातोडे बंद झाले. मनगट बरं होईपर्यंत धोंडबाला पगारी रजा मिळाली.

काकींनी गिरणीतल्या त्या बाईला गाठलंच. म्हणाल्या, "सगळे नव्हते गं झोपत. ज्याला झोपेची सगळ्यात जास्त गरज होती, तो एकटा जागा होता."

तात्पर्य एवढंच, की कामाचा आवाज येतोय म्हणून माणूस बरा आहे असं धरून चालू नये. जवळ जाऊन त्याला विचारावं.