यमूच्या बांगडीचं माप

"माप चुकलं नव्हतं. तेवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय, महाराज."

मोरेश्वरशास्त्री मठाच्या ओसरीवर धड टेकलेही नव्हते, तोच हे बोलून मोकळे झाले. चेतनगिरी महाराजांनी मान वर केली. त्यांचे डोळे कधीच गेले होते. पण जुन्या शिष्याचा आवाज ओळखायला डोळे कशाला लागतात?

"बस आधी. कशाचं माप?"

"वर्तुळाचं. दुसरं कशाचं असणार?"

खरंच होतं ते. विहीर बांधायची असो नाहीतर कळसाला कडं बसवायचं असो, पंचक्रोशीत शास्त्रीबुवांच्या दोरीशिवाय पान हलत नसे. परीघ त्यांनी सांगावा आणि कारागिरानं मुकाट्यानं कापावं. कुणी शंका काढलीच, तर त्याची धडगत नसे. विद्या महाराजांनी दिलेली. तोरा मात्र ज्याचा त्याचा.

आज तो तोरा कुठं दिसत नव्हता. शास्त्रींनी बंडीच्या खिशातून चांदीची एक बांगडी काढली आणि महाराजांच्या हातावर ठेवली.

महाराजांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"लहान पोरीची दिसते."

"माझ्या लेकीची, यमूची... ती झोपली होती, तेव्हा मनगटाला दोरी लावून परीघ घेतला. सोनाराकडून तंतोतंत तेवढीच घडवून आणली."

"मग?"

"पंजावरून चढेना. पोरीनं जोर लावला, तर सालटं निघालं. मी म्हटलं, माझं माप बरोबर आहे, तुझाच हात धड नाही."

महाराजांनी बांगडी मांडीवर ठेवली.

"पुढं तिला ताप आला. हटेचना. पोर वाळून नुसती काडी झाली. एक दिवस तिनंच बांगडी मागून घेतली, घातली... अलगद गेली. मला म्हणाली, 'आप्पा, आता माझा हात धड झाला ना?'"

पोर त्यातून उठली नव्हती, हे महाराजांना वेगळं सांगावं लागलं नाही.

"बायको म्हणते, माप चुकलं. सोनारही तेच म्हणतो. तुम्ही माझे गुरू. आता तुम्ही सांगा."

महाराजांनी आपला हात पुढं केला.

"धर."

शास्त्रींनी मनगट धरलं. अंगठा बोटाला सहज टेकला. म्हाताऱ्याच्या हाडांवर मांस म्हणून उरलंच नव्हतं.

"यमूचा हात असा धरलास, की तुझी बोटं कुठवर यायची?"

शास्त्रींनी आठवून पाहिलं. दोरी आठवली. दोरीला मारलेली गाठ आठवली. पोरीला हाताला धरून कुठं नेल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

ओसरीवर अंधारून आलं. महाराजांनी हात सोडवून घेतला नाही.

शास्त्री रडत रडत म्हणाले, "माप चुकलं होतं म्हणा, महाराज. एवढं तरी म्हणा..."

"नाही रे, मोरेश्वर," महाराज म्हणाले. "माप बरोबर होतं."