दोन बोटांची जागा

सन दोन हजार नऊ, डिसेंबर महिना, हिवाळा. मार्गशीर्षाचे थोडेच दिवस उरले होते. आठ तारखेच्या सकाळी, पाटणच्या रस्त्यालगत असलेल्या एका गाडीदुरुस्तीच्या शेडमध्ये, धैर्यशीलने तिसऱ्यांदा विचारले,

“मग खूण का करत नाही, उस्ताद?”

उस्ताद बाबालाल शिकलगार बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी संपवली, कपावर पालथी घातली.

“कशावर?”

“माझ्या गाडीवर. दुसऱ्या कशावर?”

त्या शेडचा एक दंडक होता. काम कोणत्याही हाताने झालेले असो, डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूस उस्तादांनी खडूची रेघ ओढल्याखेरीज गाडी बाहेर पडत नसे. ट्रकवाले ती रेघ पाहूनच घाटाला लागत.

धैर्यशीलला येथे सात वर्षे झाली होती. कमानपाटे, स्प्रिंगा, शॉकअप, सारे त्याच्या हाताला बसले होते. खडू मात्र अद्याप हाती आला नव्हता, आणि ही गोष्ट त्याला अलीकडे फार बोचू लागली होती.

शिवाय या वेळी काम घरचे होते. येत्या रविवारी त्याला आईला घेऊन चिपळूणला जायचे होते. तेथे सासरी असलेली धाकटी बहीण वैजयंता सात महिन्यांची गरोदर होती. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, आणि पौष लागण्याआधी लेक घरात आली पाहिजे, असे आईने बजावले होते. वैजयंताला घाटात नेहमीच गाडी लागे. कुंभार्लीच्या तिसऱ्या वळणावर ती पिशवी मागत असे. आता तर दोन जीव.

म्हणून त्याने गाडीच्या चारही स्प्रिंगांचा दीड दीड वेढा कापून टाकला होता. गाडी चांगली तीन बोटे खाली बसली होती.

“खाली का घेतलीस?” उस्तादांनी विचारले.

“उंच गाडी वळणावर झुकते. आतलं माणूस लोंबकळतं, पोटात ढवळतं. खाली घेतली की वजन जमिनीजवळ येतं. झुकत नाही. रस्त्याला धरून चालते.”

“खरं आहे.”

इतक्या सहज होकार मिळेल, असे धैर्यशीलला वाटले नव्हते.

“आणि दिसतेही बरी,” उस्ताद म्हणाले.

त्याचे कान तापले. “दिसण्यासाठी नाही केलं.”

“मी कुठं तसं म्हटलं? बरी दिसते, एवढंच म्हटलं.”

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकत मागच्या चाकाशी बसले. चाक खड्ड्यातून उसळून फार वर आले, तर शेवटचा धक्का झेलायला तेथे रबराचा एक ठोकळा असतो. तो ठोकळा आणि त्याखालचा आस यांच्यामधल्या फटीत त्यांनी बोटे घातली.

“आधी किती बोटं होती?”

“पाच.”

“आता?”

“दोन. पुरतात.”

“कुणाला?”

...

धैर्यशील फडक्याने चाकावरची धूळ पुसू लागला.

“कणीक आण,” उस्ताद म्हणाले.

हीदेखील त्या शेडचीच रीत. उस्तादांची सून रोज भाकरीच्या डब्याबरोबर लिंबाएवढा कणकेचा गोळा देत असे. तो त्या रबरी ठोकळ्यावर चिकटवायचा, गाडी फिरवून आणायची, आणि मग पाहायचे. चाक किती वर आले, ते कणीक सांगे.

धैर्यशीलने गोळा स्वतःच्या हाताने चिकटवला. वळून पाहतो तो उस्तादांनी भंगारातल्या कमानपाट्यांची दोन पोती गाडीच्या डिकीत चढवली होती.

“हे काय?”

“एक पोतं म्हणजे तुझी आई. दुसरं, व्याह्यांनी दिलेले नारळ. चिपळूणहून कुणी रिकाम्या हातानं आलंय का आजवर?”

“आईला सांगू, पोतं म्हणालात ते?”

“सांग की. ती मला भंगार म्हणते, तेही मला ठाऊक आहे.”

उस्ताद मागचे दार उघडून आत बसले.

“पुढं या ना, उस्ताद. मागं कशाला?”

“वैजयंता पुढं बसणार आहे का?”

धैर्यशील स्टिअरिंगमागे बसला. आरशात त्याला दिसले, म्हाताऱ्याने दोन्ही तळवे स्वतःच्या पोटाखाली धरले होते; दिवस गेलेली बाई प्रवासात धरते, अगदी तसे. त्याला हसू आले. ते त्याने आवरले नाही.

उस्तादही हसले. तळवे मात्र हलवले नाहीत.

कोयनेच्या बाजूचा रस्ता प्रथम गुळगुळीत होता. धैर्यशीलने पहिले वळण मुद्दाम वेगात घेतले. गाडी तसूभरही कलली नाही. दुसरे वळण, तिसरे. जणू दोरीत ओवली होती.

“कशी?” त्याने विचारले.

“झकास. गुळाला मुंगळा चिकटावा तशी चिकटते.”

धैर्यशीलची मान ताठ झाली. एक एसटी मागून हॉर्न वाजवत होती. तिला पुढे जाऊ देणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने वेग वाढवला.

चौथ्या वळणाच्या पोटात रस्ता उखडलेला होता. गेल्या पावसाळ्यापासूनचाच. तो त्याला पाठ होता. याच वेगात तो तेथून अनेकदा गेला होता, पण तेव्हा स्प्रिंगा अखंड होत्या आणि गाडीत तो एकटा होता.

धाड्‌.

लोखंडावर घण पडावा तसा आवाज झाला. मागचे चाक क्षणभर जमिनीवर नव्हतेच. गाडीची पाठ हातभर दरीकडे सरकली, आणि मग तिने पुन्हा रस्ता धरला.

समोरून कोणी येत नव्हते. एवढेच.

त्याने गाडी कडेला घेतली. एसटी हॉर्न देत निघून गेली. आरशात पाहण्याचा धीर त्याला जरा वेळाने झाला.

उस्तादांचे डोळे मिटलेले होते. तळवे पोटाखालीच होते. बोटे मात्र आवळली गेली होती.

“लागलं का, उस्ताद?”

“मला? मला काय व्हायचंय. माझ्या पोटात चहा आहे.”

...

तेथूनच त्याने गाडी परत वळवली.

शेडमध्ये धैर्यशील स्वतः गाडीखाली वाकला. कणकेचा पापड झाला होता. रबरावरची अक्षरे त्या पापडात उलटी, स्वच्छ, वाचता येतील अशी उमटली होती.

“कणीक सैल भिजली असेल,” तो म्हणाला.

“असेल. सुनेला सांगतो.” उस्तादांनी पापड हातात घेऊन उजेडाकडे धरला. “रस्तासुद्धा तिनंच सैल भिजवला होता का?”

“पण वळणावर झुकली तर नाही!”

“नाही झुकली. उडाली.”

धैर्यशीलने उकिडवे बसून तो रबरी ठोकळा चाचपला. मग म्हणाला, “कापल्यावर स्प्रिंग ताठ होते, हे मला माहीत होतं. ताठ ते भक्कम, असं वाटलं... मग काय, कुणी गाडी कधी खाली घेऊच नये?”

“घ्यावी की. तिला जुळेल अशी स्प्रिंग घालून घ्यावी, सपाट रस्त्यानं जावं, मोजकी माणसं न्यावीत. वळणावर फार सुख देते.” उस्तादांनी पापडाची घडी केली. “तुझी बहीण सपाट रस्त्यानं येणार आहे का?”

तो उठला. भंगाराच्या ढिगातून कापलेले तुकडे शोधून त्याने ते ओळीने मांडले. एक तुकडा स्प्रिंगेवर धरून पाहिला.

“जोड,” उस्ताद म्हणाले.

“जोडून चालत नाही. वेल्डिंग घाटात तुटेल.”

“मग जवळ ठेव.”

नव्या, अखंड स्प्रिंगा कोल्हापूरहून शुक्रवारी आल्या. शनिवारी दुपारपर्यंत त्याने त्या बसवल्या. फटीत पुन्हा पाच बोटे शिरू लागली. दोन्ही पोती चढवल्यावर तीन. त्याने नवा गोळा चिकटवला, हात धुतले आणि उस्तादांपुढे उभा राहिला.

“खूण?”

“नाही.”

“आता काय राहिलं?”

“रविवार राहिला.”

“म्हणजे खुणेशिवाय जाऊ? या शेडमधून? वैजयंताला आणायला?”

“जा.”

असे आजवर घडले नव्हते. धैर्यशीलला राग आला, आणि त्या रागाखाली दुसरेही काही आले. पहाटे निघताना त्याने मडगार्डच्या आत उगाच हात फिरवला. तेथे रेघ नव्हती. घाटात एकेका चाकाचा आवाज तो कान देऊन ऐकत होता. पुढे पाहून गाडी चालवण्याची सवय त्याला होतीच. मागे कोण बसले आहे, हे ध्यानात ठेवून चालवण्याची मात्र ही पहिलीच वेळ.

तेरा डिसेंबर, रविवार. दिवस मावळायच्या आधी गाडी शेडसमोर येऊन थांबली.

मागच्या आसनावर आई बसली होती. तिच्या मांडीवर डोके ठेवून वैजयंता गाढ झोपली होती.

आईने काचेतून खुणेने उस्तादांना जवळ बोलावले आणि हलक्या आवाजात म्हटले, “बाबालालभाई, ह्याला काय झालंय? तीन एसट्या पुढं गेल्या. नारळ भरलेला एक टेम्पोसुद्धा गेला. हा आपला ‘जाऊ दे, जाऊ दे’ करतोय.”

“वैजयंताला गाडी लागली?”

“नाही हो. पिशवी हातात धरून बसली होती बिचारी. अर्ध्या घाटात डोळा लागला, तो अजून लागलेलाच आहे.”

उस्ताद चाकाशी बसले. कणकेचा गोळा जागच्या जागी होता. खालच्या बाजूस अंगठा टेकवावा एवढा खळगा, बाकी जसाच्या तसा.

सदऱ्याच्या खिशातून त्यांनी खडू काढला आणि धैर्यशीलच्या तळहातावर ठेवला.

सात वर्षे ज्याची वाट पाहिली तो खडू हा एवढासा, झिजून करंगळीच्या पेराइतका झालेला. तो घेऊन धैर्यशील मडगार्डपाशी वाकला. हात आत नेला... आणि थांबला.

“का रे?”

“एक सांगायचं राहिलं, उस्ताद. हिच्यासाठी सगळं केलं, पण ते काही साधलं नाही. वळणावर गाडी अजूनही झुकते.”

उस्तादांनी झोपलेल्या मुलीकडे पाहिले. मग त्याच्या वाकलेल्या पाठीकडे.

“झुकू दे.”