एकशे वीस पायऱ्या

देवटेकडी नावाच्या टेकडीवर एक मोठी पाठशाळा होती. गावातल्या पंतोजींकडे लिहिणं-वाचणं झालं की पुढचं शिकायला मुलं-मुली तिथे जात. पाठशाळेचे प्रमुख विश्वंभरशास्त्री अभिमानाने सांगत, "आमचं दार सगळ्यांना उघडं आहे. आजवर मी कोणालाही नाही म्हटलेलं नाही."

एकच नेम होता. दसऱ्याच्या दिवशी, माध्यान्हीची घंटा होण्याआधी, एकशे वीस पायऱ्या स्वतः चढून दारात यायचं. कोणाच्या पाठीवर बसून आलेलं चालत नसे. त्याच आवारात लुळ्या-आखडलेल्या पायांवर उपचार करणारे एक नामांकित वैद्य राहत. त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांनाही तोच नेम लागू होता. पायाचा वैद्य टेकडीच्या माथ्यावर बसतो, यात गावातल्या एकाही शहाण्याला काही वावगं वाटत नव्हतं.

पायथ्याच्या वस्तीत राघू बुरूड टोपल्या विणायचा. त्याची मुलगी वेणू हुशार होती, पण तापानंतर तिचे पाय गेले होते. राघू एकटाच वर जाऊन वैद्यांना विचारून आला. लक्षणं ऐकून वैद्य म्हणाले, "डावा गुडघा आखडत चाललाय. या हिवाळ्यात रोज चोळून मोकळा केला नाही, तर पुढे माझ्याही हातात काही राहणार नाही. तिला घेऊन ये." राघूला तेव्हापासून झोप नव्हती.

दसऱ्याला उजाडताच वेणू पहिल्या पायरीवर पाठमोरी बसली आणि हातांवर अंग उचलत एकेक पायरी मागे सरकू लागली. राघू शेजारून चालत होता. हात लावला तर नेम मोडेल, म्हणून त्याने हात पाठीमागे घट्ट धरले होते. चाळिसाव्या पायरीला तिचे तळवे सोलवटले. साठाव्या पायरीला ती रडू लागली, पण थांबली नाही. राघू सारखा सूर्याकडे पाहत होता. ऊन आज फारच भराभर चढतंय असं त्याला वाटत होतं.

ती चौऱ्याहत्तराव्या पायरीवर असताना वर घंटा झाली.

शास्त्री दारात उभे राहून सगळं पाहत होते. त्यांनाही वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "पोरी, नेम म्हणजे नेम. पुढच्या वर्षी ये."

वेणू खालूनच म्हणाली, "गुरुजी, पुढच्या वर्षी गुडघा राहणार नाही. आणि शिकायचं डोक्याने आहे, तर परीक्षा पायांची का घेता?"

शिष्य शास्त्रींच्या तोंडाकडे पाहू लागले. नेम मोडला तर लोक नावं ठेवतील, ही धास्ती शास्त्रींना होतीच. तरी ते चौऱ्याहत्तराव्या पायरीपर्यंत उतरून आले, आणि तिचे तळवे पाहून त्यांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवसापासून पाठशाळेचा एक वर्ग आणि वैद्यांची बैठक पायथ्याच्या धर्मशाळेत सुरू झाली. वैद्यांनी वेणूचा गुडघा चाचपला आणि म्हणाले, "वेळेत आलीस. सुटेल हा." राघूने तिचे सोलवटलेले हात आपल्या हातांत घेतले.

आठवडाभरात आणखी अकराजण आले. कोणी कुबडीवर, कोणी आईच्या कडेवर. त्यांत गोविंदा नावाचा एक प्रौढ विणकर होता. त्याचा पाय तपासून वैद्य हळू आवाजात म्हणाले, "हा आता सरळ होणार नाही. दहा वर्षांपूर्वी यायला हवं होतं."

शास्त्रींना राहवेना. ते म्हणाले, "दार तर उघडंच होतं. तेव्हा आला का नाहीस?"

"आलो होतो ना, गुरुजी," गोविंदा म्हणाला. "पहिल्या पायरीपर्यंत."

तात्पर्य: दार उघडं ठेवलं म्हणून कोणी उदार होत नाही. दारापर्यंत प्रत्येकाला पोचता येईल अशी वाट करणं हेही दारवाल्याचंच काम आहे, आणि त्यात त्याने केलेला उशीर दुसऱ्याला जन्मभर भोगावा लागतो.