कंडक्टरने हाकलेला ट्रक

आडगावात सोपानराव डोईफोडे नावाचे एक एसटी कंडक्टर राहत. गाडी ड्रायव्हर चालवतो असं जगाला वाटे. सोपानरावांना तसं वाटत नसे. आपण दोनदा घंटी मारतो म्हणून गाडी निघते, एकदा मारतो म्हणून थांबते, आणि मधल्या वेळात ड्रायव्हर नुसता चाक धरून बसतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होते लतीफभाई. स्वभावानं अगदी गार माणूस. सोपानराव मागून सारखे बोलत. "लतीफभाई, गिअर उशिरा टाकला." "लतीफभाई, खड्डा दिसला नाही का?" "लतीफभाई, त्या टेम्पोला पुढं कशाला जाऊ दिलंत?" लतीफभाई म्हणत, "बरं." नोकरीभर हेच चाललं. पुढं दोघं एकदमच निवृत्त झाले. लतीफभाईंना लांबचं नीट दिसेना, म्हणून त्यांनी चाक कायमचं सोडलं आणि शेळ्या पाळल्या.

सोपानरावांना मात्र घरात करमेना. आता घंटी नव्हती की प्रवासी नव्हते. मग त्यांनी घरच्यांना धरलं. बायको भाकरी करायला बसली की हे मागं उभे. "कौसा, भाकरी उशिरा उलटली." शेजाऱ्याची म्हैस दारात आली तर तिलाही सांगत, "पुढं सरका." शेवटी एक दिवस कौसाबाईंनी हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं येतंय ना तुम्हाला, मग एकदा गाडी चालवून दाखवा की. उभं राहून कुणीबी बोलतंय."

हे सोपानरावांच्या वर्मी लागलं. ते तालुक्याला जाऊन गाडी शिकले. आधी लहान, मग मोठी. मोठ्या गाडीचं लायसन निघालं तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. बरोबरीची माणसं पारावर बसून गुडघे चोळत होती, आणि हा गडी नवी विद्या शिकून आला होता. कौतुक करायलाच हवं. पण पेढ्याबरोबर ते प्रत्येकाला सांगत, "त्यात काय अवघड आहे? लतीफभाई उगाच घाम पुसायचे." हे ऐकून लोकांना पेढा जरा कमी गोड लागे.

त्याच गावात भागीनाथ मंडपवाला होता. ऐन लग्नसराईत त्याच्या ट्रकचा ड्रायव्हर काम सोडून गेला. भागीनाथनं नाइलाजानं सोपानरावांना बोलावलं.

"काका, पिंपळदरीला लग्न आहे. मंडप आपला, खुर्च्या आपल्या, स्वयंपाकाची भांडीही आपलीच. दुपारचा मुहूर्त आहे. भांडी वेळेत गेली नाहीत तर पाव्हणे उपाशी राहतील आणि पोरीच्या बापाची अब्रू जाईल. हे नीट केलंत तर ट्रक तुमच्याकडं कायम. नाहीतर पुन्हा चाकाला हात लावायचा नाही. आणि सोबत कुणीतरी जाणता घ्या."

जाणता म्हणून लतीफभाई आले. शेळ्या बायकोवर सोपवून ते डाव्या बाजूला बसले. सोपानरावांनी आधीच बजावलं, "मधेमधे बोलायचं नाही."

"मी कधी बोललो?" लतीफभाई म्हणाले.

ट्रक सुरू झाला, पण हलेना. सोपानरावांचा पाय ब्रेकवरून निघतच नव्हता. लतीफभाईंनी जरा वाट पाहिली. मग काय ते ओळखलं आणि दाराच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलं. ट्रक निघाला.

थोड्याच अंतरावर एसटीचा थांबा आला आणि सोपानरावांनी ट्रक उभा केला. का केला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. थांब्यावरच्या माणसांना काय, गाडी थांबली की चढायचं एवढं ठाऊक. ती मागं चढली आणि रचलेल्या खुर्च्या काढून त्यांवर ऐसपैस बसली. पुढच्या थांब्यावरही तेच, त्याच्या पुढच्याही. सोपानराव खिडकीतून मान काढून सांगत, "आत सरका, दारात गर्दी करू नका." एका म्हातारीनं तर पास काढून दाखवला आणि सोपानरावांनी तो नीट पाहिलासुद्धा. लतीफभाई समोर बघत बसले होते. वेळ चालला होता हे त्यांना दिसत होतं, पण बोलायला बंदी होती.

ऊन डोक्यावर आलं तसा भागीनाथचा फोन आला. आचारी रिकाम्या चुलीपाशी हातावर हात ठेवून बसला होता. सोपानरावांनी ठरवलं, शेलगावातून जवळच्या वाटेनं जायचं.

"या वाटेनं मी जन्मभर गेलोय," ते म्हणाले.

गेले होते, त्यात खोटं नाही. पण कंडक्टरचं तोंड प्रवाशांकडं असतं. शेलगावात कोण चढतं, कोण उतरतं, कुणाच्या सुनेचं माहेर कुठं, हे त्यांना तोंडपाठ होतं. रस्ता कुठं वळतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. एसटी वळायची त्याच्या एक वळण आधीच त्यांनी चाक फिरवलं. लतीफभाईंनी तोंड उघडलं. सोपानरावांनी नुसता हात वर केला. लतीफभाईंनी तोंड मिटलं.

गल्ली अरुंद होत होत एका घराच्या ओट्यापाशी जाऊन संपली. दोन्ही अंगांना भिंती. ओट्यावर पापड वाळत घातलेले आणि त्यांच्या राखणीला काठी घेऊन बसलेली एक आजी. तिनं ट्रककडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढा ट्रक घेऊन आलास बाबा. पापड तर पायलीभरच आहेत."

सोपानरावांनी ट्रक मागं घ्यायला सुरुवात केली. डावा आरसा भिंतीला घासून वाकडा झाला. उजवीकडं ओढलं तर एका न्हाणीच्या विटा ढासळल्या. आवाज ऐकून सगळं शेलगाव जमलं. ट्रकमधले प्रवासीही खाली उतरून त्यांना मिळाले आणि मग जो तो बोलू लागला. "डावं घ्या." "अहो, उजवं घ्या." "पूर्ण मारा." "मारू नका." "येत नाही तर बसावं कशाला माणसानं चाकावर?" बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी बैलगाडीपलीकडं काही हाकलं नव्हतं. सोपानरावांचे कान किटले. अंगातून घामाच्या धारा वाहू लागल्या. एकदा वाटलं, सरळ भिंत पाडावी आणि निघावं.

तेवढ्यात फोन वाजला. नवरीचा बाप होता. त्यानं रागावायला हवं होतं, पण तो रागावला नाही. "दादा, कुठवर आलात?" तो म्हणाला. "पोरगी नटून बसलीये. पाव्हण्यांना काय सांगू, तेवढं मला सांगा."

सोपानरावांना फार वाईट वाटलं. आपल्या तोऱ्यापायी एका पोरीच्या लग्नाचा विचका होतोय, हे त्यांना पुरतं कळलं. भरल्या गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "लतीफभाई, मला जमत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो."

लतीफभाई खाली उतरले. गर्दीला हात जोडून म्हणाले, "भाऊ, आता एकच आवाज." मग ट्रकच्या मागं जाऊन उभे राहिले. "येऊ द्या." ट्रक आला. "थांबा." ट्रक थांबला. "थोडं डावं. येऊ द्या, येऊ द्या." सोपानरावांनी आयुष्यात पहिल्यांदा 'पण' न म्हणता कुणाचं ऐकलं. ट्रक हळूहळू गल्लीबाहेर आला. ज्याची न्हाणी पडली त्याला, उद्या येऊन विटा रचून देतो, असा शब्द देऊन, प्रवाशांना पुन्हा मागं चढवून ते निघाले.

पिंपळदरीला पोचले तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. मुहूर्त थांबत नसतो, म्हणून लग्न लिंबाच्या झाडाखाली लागत होतं. ट्रकमधले प्रवासी आता जाणार कुठं? तेही भांडी उतरवायला लागले. चुली पेटल्या. मंडप पंगतीपुरता उभा राहिला. पाव्हणे उशिरा जेवले, पण पोटभर जेवले. सोपानरावांनी नवरीच्या बापाचे पाय धरायला हात पुढं केला, तर त्यानंच त्यांना धरून पंगतीला बसवलं.

भागीनाथ मोटरसायकलवरून येऊन थांबला होता. त्यानं विचारलं, "काय झालं काका? टायर फुटला का?"

पळवाट अगदी आयती होती. सोपानराव म्हणाले, "टायर चांगला आहे. मीच चुकलो. मला रस्ता माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांना मी बोलू दिलं नाही."

भागीनाथनं डोकं खाजवलं. "उद्या भोकरवाडीचं लग्न आहे," तो म्हणाला. "लतीफभाई येणार असतील तर या."

परतीच्या वाटेवर सोपानरावांनी विचारलं, "लतीफभाई, आज माणसं घटकाभर बोलली तर माझं डोकं फुटायची वेळ आली. मी तर नोकरीभर तुमच्या मागं बोलत होतो. तुम्ही ते सगळं ऐकलंत कसं?"

"ऐकलं कुठं?" लतीफभाई म्हणाले. "ऐकलं असतं तर आपली गाडी एकदाही वेळेवर पोचली नसती."

तात्पर्य: नवं काम शिकायला वय आड येत नाही, तोरा आड येतो, म्हणून चाक आपल्या हाती आलं की जाणत्याचं ऐकावं, आणि दुसऱ्याच्या हाती असेल तर आपली जीभ आवरावी.