तीस घटका

निंबपूर गावची चारुमती बारा वर्षे उज्जयिनीत कालगणना शिकून परतली. तिला वाटले होते, गावातल्या बायकांकडे वेळ उदंड आहे, फक्त त्याची किंमत त्यांना कळत नाही. तिला आढळले ते वेगळेच.

गावाच्या सभेत बायकांसाठी दहा जागा होत्या. तीन वर्षे त्या रिकाम्या होत्या. आता नवी विहीर कुठे खोदायची, हे परवाच्या सभेत ठरणार होते. गावकारभारी राघोबा राजाला म्हणाले, "महाराज, बायकांना दिवसभर सवडच सवड. हौस नाही, म्हणून येत नाहीत. त्या जागा आम्हाला द्या."

राजाने चारुमतीला बोलावले. "उद्या एका घरी दिवसभर राहा. बाईचा रिकामा वेळ मोज आणि परवा सभेत सांग. मोजमाप चोख निघाले, तर दरबारातले कालगणकाचे आसन तुझे."

चारुमतीने राघोबांचेच घर निवडले. तिच्याजवळ घटिकापात्र होते. तांब्याची वाटी, तळाला बारीक छिद्र. पाण्यावर सोडली की एका घटकेत भरून बुडायची. उगवतीपासून मावळतीपर्यंत ती तीस वेळा बुडे.

राघोबांची बायको तान्हूकाकी. पहाटे ती पाण्याला गेली, परतली, पुन्हा गेली. मग दळण, गोठा, भाकऱ्या, शेतावरची न्याहरी. दुपारी चुलीवर काहीतरी ठेवून ती ओसरीवर टेकली, तशी चारुमतीने आनंदाने पात्र पुन्हा पाण्यावर सोडले. ही रिकामी घटका!

पण काकीच्या हातात तांदळाचे सूप होते. पाय नातवाचा पाळणा हलवत होता. तिने मान न वळवता हाक दिली, "सूनबाई, दूध उतू जाईल गं!" पात्र अर्धे भरण्याआधी ती दोनदा उठून आली. आणि मग पाठमोरीच म्हणाली, "पोरी, उचल तुझं भांडं. बुडतंय."

त्याच क्षणी पात्र बुडाले.

चारुमती थक्क झाली. "काकी, तुम्हाला कसं कळलं?"

"तू भांडं सोडलंस, तेव्हा मामंजींचा काढा चुलीवर ठेवला. एका घटकेत तो अर्धा आटतो. आता आटला असेल."

चारुमती धावत चुलीपाशी गेली. काढा बरोबर अर्धा होता. तिच्या अंगावर काटा आला. बारा वर्षे ग्रहतारे पाहून जे तिला पात्रावाचून जमत नव्हते, ते ही बाई तांदूळ निवडता निवडता करत होती. साऱ्या घराची भूक, झोप, औषध, तहान तिच्या आत क्षणाक्षणाने चालत होती.

मावळतीला तिसावे पात्र बुडाले. एकही रिकामे गेले नव्हते.

"काकी, यात तुमची स्वतःची घटका कोणती?"

काकी खळखळून हसली. "माझी? ठेवली असेल कुठंतरी. चुलीमागं बघ बरं!"

"सभेला का येत नाही?"

"सभा दिवेलागणीला. भाकऱ्या कोण थापणार, तुझे काका?"

"मग सभा सकाळी ठेवायला सांगते."

"सकाळी पाणी. दुपारी शेत. तू कुठलीही घटका काढ, तिथं कुणीतरी माझ्या नावानं हाक मारतंच." मग परात पुढे ओढत ती म्हणाली, "विहिरीचं मात्र मला विचारायला हवं होतं. खेपा मी घालते. पाणी कुठं हवं, ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहे."

चारुमतीला त्या रात्री झोप लागली नाही. मोजमाप तर चोख होते. सभेत जाऊन ते सांगितले, की आसन तिचे. पण तेव्हाही काकी चुलीपाशीच असणार, आणि विहीर न विचारताच खोदली जाणार.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला राजाचा शिपाई निमंत्रण घेऊन आला. चारुमतीने पदर खोचला आणि काकीच्या हातातली परात काढून घेतली.

"महाराजांना सांगा, आज सभेत मी येणार नाही, तान्हूकाकी येतील. त्या परतेपर्यंत हे घर मी सांभाळेन. आणि पुढच्या सभेपासून माझ्या जागी इथं चुलीपाशी राघोकाका बसतील, असा हुकूम काढा."

तात्पर्य: सर्वांचा वेळ सांभाळणारीला 'तुला वेळ आहे' असे सांगून वेळ मिळत नाही, त्यासाठी तिच्या हातातले काम आपल्या हातात घ्यावे लागते.