कुठल्या पानावरचा उतारा?

सोनगिरीच्या दरबारात गदाधरशास्त्री तर्काचे मोठे पंडित होते. औषधाला प्रमाण हवं आणि ते ग्रंथातच हवं, एवढ्या एका युक्तिवादावर त्यांनी भिवरा वैदिणीची पाल्याची झोळी जप्त करवली. त्याच आठवड्यात कुंभाराची सून विंचू चावून गेली. भिवरा तिच्या उशाशी रिकाम्या हातांनी बसून होती. दुसऱ्या सकाळी ती तडक महाराजांसमोर उभी राहिली.

“माझी झोळी द्या. त्या पाल्यानं माणसं उठून चालतात, सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलंय.”

“डोळ्यांना भ्रम होतो, बाई,” शास्त्री हसले. “कुठल्या पानावर आहे याचा उतारा? नाहीच! हा बघ ग्रंथ.”

वीस वर्षं ज्या ग्रंथाचे दाखले दिले, त्याचं बासन त्यांनी आज प्रथमच सोडलं. आत नांदणाऱ्या विंचवाला ही आगळीक सहन झाली नाही.

“मेलो! बाई, उतारा दे, लवकर!”

“कुठल्या पानावरचा, शास्त्रीबुवा?”

“तुझ्या झोळीतल्या! कुठल्याही पानाचा दे!”

महाराजांनी झोळी आणवली. भिवरानं पाला चुरडून शास्त्रींच्या बोटावर चोळला. हात जरा जडच पडला.

“दुखणं थांबलं, तर भ्रम म्हणून सोडून द्या,” झोळी खांद्याला अडकवत ती म्हणाली. “पण कुंभाराच्या सुनेला एवढंच एक पान हवं होतं.”