हूमपाखरं आणि झूमपाखरं

एका राज्यात कावेरी नावाची बाई राहत होती. पदरी मूल नव्हतं. तिने देवीला नवस केला, "आई, मला लेक दे. श्रावणात तुझी पत्री मी माझ्या हाताने खुडीन, विकतची वाहणार नाही." देवी पावली. शाल्मली झाली. कावेरी रानोमाळ हिंडून पत्री खुडू लागली, पानापानाशी तिची ओळख झाली.

शाल्मली आठ वर्षांची असताना राजाने भरदरबारात एका मांत्रिकाचा अपमान केला. मांत्रिक कोपला. नगरातल्या साऱ्या मुलींची त्याने पाखरं केली, आपल्या बागेत कोंडली. म्हणाला, "तीन वेळा अचूक निवड करा, शाप सुटेल." पंडित गेले, माना खाली घालून परतले. मग कावेरी गेली.

मांत्रिक म्हणाला, "पंडित हरले, तिथे तुम्ही काय निवडणार, बाई? हे तांदूळ नव्हेत!"

"तांदळातले खडेही बघूनच काढते मी. दाखवा."

मांत्रिकाने पानांचा ढीग ओतला. "या दोन पानांना हूम म्हणू, या दोनांना झूम. बाकीची तशीच लावा." पंडितांनी कडा, शिरा, लव सगळं घोकलं होतं आणि घोटाळ्यात पडले होते. कावेरीने पान चिमटीत धरलं आणि ती हसली. हूम जाड, लवेची, काटेरी. ही माळावरची, तहानेली. झूम रुंद, तुकतुकीत. ही ओढ्याकाठची. एका कारणात साऱ्या खुणा बसल्या, ढीग लागले. दुसऱ्यांदा बिया आल्या. पिसांच्या त्या वाऱ्यावर जाणाऱ्या, आकड्यांच्या त्या गुरांच्या अंगाला चिकटून जाणाऱ्या. त्याही निवडल्या.

तिसऱ्यांदा पिंजरा उघडला. चिमणीएवढी सोनेरी पाखरं! मांत्रिकाने दोन-दोन वेगळी काढून दाखवली. "मुली त्या हूम, जन्माची पाखरं ती झूम. निवडून झालं की टाळी वाजवा. मग फिरवाफिरव नाही."

कावेरीने नमुन्यांकडे नीट पाहिलंच नाही. लेकी मला ओळखणार नाहीत होय? "आई, आई" करत तळहातावर आली ती तिने मुली म्हणून जवळ घेतली. कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या एकाला झूमांत सारलं. हात टाळीला उचलले.

बागेतल्या झाडावर एक म्हातारी मैना बसली होती, तिला राहवेना. "अगं ए, 'आई' म्हणायला त्या झूमांना मीच शिकवलंय!"

कावेरीने हात खाली घेतले. ती नमुन्यांपाशी वाकली. झूम टुणटुण उड्या मारत होती. हूम मात्र पावलापुढे पाऊल टाकत होती, अडखळत होती. "अगं बाई! पाखराच्या अंगात नवखी आहेत ही. माणसासारखी चालतात!"

तिने सगळी पाखरं एकेक करून चालवून पाहिली आणि नव्याने निवडली. कोपऱ्यातलं पाखरू दोन पावलं चाललं आणि धडपडलं. तिने ते पोटाशी धरलं. मग टाळी वाजवली.

"किती उशीर गं आई!" शाल्मली तिच्या कडेवर होती, आणि बाग मुलींच्या गलक्याने भरली होती. राजा अनवाणी आला, त्याने मांत्रिकाची क्षमा मागितली. मांत्रिक निवळला. घरोघरी चुली पेटल्या.

तर बायांनो, तुम्हीही पत्री आपल्या हाताने खुडा, पानं-पाखरं ओळखा. पण ओळख पटली असं वाटलं, की टाळी वाजवण्याआधी एकदा पुन्हा वाकून बघा. एवढं माझ्यासाठी कराच.